नायट्रोजनची जोडी कुठे आहे? अ‍ॅरोमॅटिक वलयं वाचण्याची रीत

जीवरसायनाचं कुठलंही पुस्तक उघडा, पानोपानी षटकोन आणि पंचकोन दिसतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर कार्बनच्या जागी नायट्रोजन बसलेला असतो. डीएनएची चारही अक्षरं अशी वलयंच आहेत. रक्ताचा लाल रंग आणि पानाचा हिरवा रंग अशाच वलयांमुळे आहे. ब गटातली बहुतेक जीवनसत्त्वं, झोपेशी संबंधित मेलाटोनिन, कॅफीन, निकोटीन, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, सगळीकडे हीच मंडळी.

शिकत असताना मी ही सूत्रं पाठ केली होती. ती परीक्षेपर्यंत टिकली आणि गेली. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल इतक्या एन्झाइमांच्या मधोमध का सापडतं, किंवा अ‍ॅडेनीनला थायमिनच का लागतं, हे पाठांतरानं कधी कळलं नाही. पुढे एक सवय लागली आणि चित्र स्वच्छ झालं. वलयातल्या प्रत्येक नायट्रोजनपाशी थांबायचं आणि विचारायचं, याची इलेक्ट्रॉनांची एकाकी (कुठल्याही बंधात न गुंतलेली) जोडी कुठे आहे? ती वलयाच्या सामायिक इलेक्ट्रॉनांच्या ढगात मिसळली आहे की बाहेर तोंड करून बसली आहे? या एका उत्तरावरून वलय प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) घेईल का, कुणाशी हायड्रोजन बंध जुळवेल, धातू धरून ठेवील का, हे बरंचसं सांगता येतं.

खाली ती रीत पायरीपायरीनं दिली आहे. पेन्सिल, कागद आणि कार्बनला चार, नायट्रोजनला तीन बंध लागतात एवढी माहिती पुरे.

पायरी १ : वलय स्वतःच्या हातानं काढा

छापील चित्राकडे नुसतं बघून काही होत नाही. सहा वलयं हातात बसली पाहिजेत: पिरिडीन, पिरिमिडीन, पायरोल, इमिडॅझोल, इंडोल आणि प्युरीन.

पिरिडीन म्हणजे बेंझिनचा षटकोन, फक्त एका कोपऱ्यावर कार्बनऐवजी नायट्रोजन. पिरिमिडीनमध्ये असे दोन नायट्रोजन, १ आणि ३ क्रमांकावर. पायरोल हा पंचकोन: चार कार्बन, एक नायट्रोजन, नायट्रोजनवर एक हायड्रोजन. त्याच पंचकोनात एक कार्बन सोडून पुढे आणखी एक नायट्रोजन घातला की इमिडॅझोल. बेंझिनला पायरोल चिकटवला की इंडोल, आणि पिरिमिडीनला इमिडॅझोल चिकटवला की प्युरीन.

प्युरीनच्या क्रमांकांशी मात्र थोडी झटापट करावी लागते. आधी षटकोन मोजायचा: १ नायट्रोजन, २ कार्बन, ३ नायट्रोजन, मग ४, ५, ६ कार्बन. त्यानंतर उडी मारून पंचकोनात जायचं: ७ नायट्रोजन, ८ कार्बन, ९ नायट्रोजन. आजच्या नियमांत हे क्रमांक बसत नाहीत, ते जुन्या वापरातून आले आणि तसेच राहिले. प्युरीन हे नाव एमिल फिशर यांचं. त्यांनी १८९८ मध्ये हे मूळ वलय प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १९०२ चं नोबेल त्यांना शर्करा आणि प्युरीन यांवरच्या कामासाठी मिळालं. दोन जागा आत्ताच लक्षात ठेवा: डीएनएमध्ये प्युरीन शर्करेला ९ क्रमांकानं जोडलेलं असतं, पिरिमिडीन १ क्रमांकानं.

काढून झालं की पबकेम या खुल्या माहितीकोशात तोच रेणू शोधून ताडून बघा. चूक बहुधा दुहेरी बंधांत निघते. प्रत्येक कार्बनचे चार बंध पुरे झाले का, हे मोजलं की ती सापडते.

पायरी २ : ढगातले इलेक्ट्रॉन मोजा

वलय अ‍ॅरोमॅटिक असायला ते सपाट हवं, त्यातल्या प्रत्येक अणूनं ढगात सहभागी व्हायला हवं आणि ढगातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या २, ६, १०, १४, १८ अशा मालिकेतली हवी. हा नियम एरिख ह्यूकल यांच्या १९३१ च्या कामातून आला. ढग म्हणजे वलयाच्या पातळीच्या वर आणि खाली पसरलेले, कुठल्याही एका बंधाचे नसलेले इलेक्ट्रॉन.

पिरिडीन मोजू. पाच कार्बन प्रत्येकी एक, नायट्रोजन एक, एकूण सहा. नायट्रोजननं एकच इलेक्ट्रॉन दिला, म्हणजे त्याची एकाकी जोडी शाबूत आहे आणि ती वलयाच्या पातळीतच, बाहेरच्या दिशेनं रोखलेली आहे.

आता पायरोल. चार कार्बनांचे चार झाले, सहा व्हायला दोन कमी. ते दोन नायट्रोजननं आपली जोडी ढगात सोडून भरले. पायरोलच्या नायट्रोजनकडे बाहेरच्याला देण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

या सगळ्या विषयाचं मूळ या फरकात आहे. दोन्हीकडे नायट्रोजनच, दोन्हीकडे सहा इलेक्ट्रॉन, पण स्वभाव अगदी विरुद्ध. पायरोलच्या पाच अणूंवर सहा इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून ते वलय इलेक्ट्रॉनांनी भरलेलं, देऊ करणारं. पिरिडीनमध्ये सहा अणूंवर सहाच, त्यातही नायट्रोजन ते आपल्याकडे खेचतो, म्हणून ते वलय भुकेलं. पायरोलचं हे दातृत्व डोळ्यांनी दिसतं: हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली पाइनची काडी पायरोलच्या वाफेत धरली की ती लाल होते. रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांना १८३४ मध्ये डांबरातून हा पदार्थ मिळाला तो याच खुणेवरून, आणि नावही ग्रीक भाषेतल्या आगीसारख्या लाल रंगाच्या शब्दावरून पडलं.

ज्या कार्बनला वलयाबाहेर ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला आहे, तो ढगात शून्य देतो असं धरा. आरएनएतलं अक्षर युरॅसिल असं मोजलं तर ५ आणि ६ क्रमांकाचे कार्बन एकेक, दोन्ही नायट्रोजन दोन-दोन, एकूण सहा. बेंझिनइतकी पक्की अ‍ॅरोमॅटिकता युरॅसिलमध्ये नसते, पण वलय सपाट राहतं आणि जीवशास्त्राला तेच हवं असतं.

पायरी ३ : प्रत्येक नायट्रोजनवर खूण करा

आता रंगीत पेन्सिल घ्या. दरवेळी इलेक्ट्रॉन मोजायची गरज नाही, बंध बघून कळतं.

वलयातल्या बंधांपैकी एक दुहेरी आहे आणि बाहेर काहीही जोडलेलं नाही, तर तो पिरिडीनसारखा नायट्रोजन. त्याच्यापुढे बाहेरच्या बाजूला दोन टिंबं काढा. ती मोकळी जोडी.

तीनही बंध एकेरी आहेत, तिसऱ्यावर हायड्रोजन, मिथिल किंवा शर्करा आहे, तर तो पायरोलसारखा. त्याच्याभोवती गोल काढा. जोडी ढगात गेली.

एक दुहेरी बंध आहे आणि शिवाय बाहेरही काही जोडलेलं आहे, तर त्याचे चार बंध झाले, त्याच्यावर धन प्रभार आला. तिथे अधिकचं चिन्ह करा. हा तिसरा प्रकार दुर्मीळ, पण जिथे असतो तिथे रेणूचं सगळं काम त्याच्याभोवती चालतं. तो पुढे येणारच आहे.

वलयाबाहेर लटकणारा अमिनो गट ही सर्वांत जास्त फसवणारी जागा. अ‍ॅडेनीनच्या ६ क्रमांकावरचा अमिनो गट बघून वाटतं, हाच प्रोटॉन घेणार. प्रत्यक्षात त्या नायट्रोजनची जोडी शेजारच्या भुकेल्या वलयात ओढली गेलेली असते. आम्लात अ‍ॅडेनीनचा प्रोटॉन बसतो तो वलयातल्या १ क्रमांकाच्या नायट्रोजनवर. अमिनो गट हायड्रोजन देऊ शकतो, प्रोटॉन घ्यायला मात्र तो निरुपयोगी आहे.

उलटी फसगत निकोटीनमध्ये होते. त्यात दोन वलयं आहेत: एक पिरिडीन आणि एक पाच अणूंचं पायरोलिडीन. दुसरं दिसायला पायरोलसारखं, पण त्यात एकही दुहेरी बंध नाही, म्हणून ते अ‍ॅरोमॅटिकच नाही. त्याच्या नायट्रोजनची जोडी पूर्ण मोकळी आहे आणि शरीरात निकोटीनवर प्रोटॉन बसतो तो तिथेच. त्या नायट्रोजनचा पीकेए सुमारे ८ आहे, पिरिडीनच्या बाजूचा सुमारे ३.

पायरी ४ : प्रोटॉन घेईल का?

इथे आकडे हाताशी हवेत. पीकेए म्हणजे ज्या सामूला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो सामू. आकडा जितका मोठा, तितका तो नायट्रोजन प्रोटॉन घ्यायला उत्सुक.

अ‍ॅरोमॅटिक नसलेलं पिपेरिडीन ११.१ वर आहे. पिरिडीन ५.२. पिरिमिडीन जेमतेम १.३, कारण दुसरा नायट्रोजन पहिल्याचेही इलेक्ट्रॉन खेचतो. पायरोल शून्याच्याही खाली, आणि इतक्या तीव्र आम्लात ते प्रोटॉन घेतं तेही कार्बनवर, कारण नायट्रोजननं घेतला तर ढगच मोडेल. इमिडॅझोल मात्र ७ च्या आसपास.

हा ७ आकडा जीवशास्त्राच्या दृष्टीनं अनमोल आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

इमिडॅझोलमध्ये एक नायट्रोजन पिरिडीनसारखा आणि एक पायरोलसारखा. पहिल्यानं प्रोटॉन घेतला की धन प्रभार दोघांत सारखा वाटला जातो आणि दोघांमधला फरकच पुसला जातो. मग प्रोटॉन सोडताना जुनाच नायट्रोजन पुढे येईल असं नाही, दुसराही सोडू शकतो. एका बाजूनं घेणं आणि दुसऱ्या बाजूनं देणं, तेही पेशीच्या नेहमीच्या सामूला, हे काम इतक्या सहज करणारं दुसरं वलय प्रथिनांमध्ये नाही. हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या टोकाला हेच इमिडॅझोल आहे.

एक छोटा हिशोब करा. हिस्टिडीनच्या बाजूच्या साखळीचा पीकेए साधारण ६.० धरा. रक्ताचा सामू ७.४. फरक १.४, आणि दहाचा १.४ वा घात म्हणजे सुमारे २५. याचा अर्थ प्रोटॉन असलेल्या एका हिस्टिडीनमागे प्रोटॉन नसलेले पंचवीस, म्हणजे साधारण चार टक्क्यांवर प्रोटॉन. सामू ६ वर आला की निम्म्यांवर प्रोटॉन असतो. प्रथिनाच्या घडीत आजूबाजूला कोण बसलं आहे यावर पीकेए एक-दोन अंकांनी सरकतो, म्हणून निसर्गाला हा आकडा हवा तसा जुळवूनही घेता येतो.

कायमोट्रिप्सिन या पाचक एन्झाइममध्ये ५७ व्या जागेवरचं हिस्टिडीन १९५ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाचा प्रोटॉन उचलतं. त्यामुळे एरवी थंड असलेलं सेरीन आक्रमक होऊन प्रथिनाच्या साखळीवर तुटून पडतं, आणि हिस्टिडीन तोच प्रोटॉन तुटलेल्या तुकड्याला देऊन टाकतं. १०२ वं अ‍ॅस्पार्टिक आम्ल मागून हिस्टिडीनला धरून असतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं शेवटचं, १४६ वं हिस्टिडीन ऊतींमधल्या किंचित आम्लयुक्त वातावरणात प्रोटॉन घेतं आणि ऑक्सिजन सुटायला मदत करतं. दोन्ही प्रथिनांच्या त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेत कुणालाही पाहता येतात. हिस्टिडीन निवडून त्याचे दोन नायट्रोजन कुणाकुणाकडे तोंड करून आहेत ते स्वतः बघा. दहा पानं वाचून जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळतं.

पायरी ५ : देणारे आणि घेणारे बाण

हायड्रोजन बंधासाठी एक देणारा लागतो, ज्याच्यावर हायड्रोजन आहे, आणि एक घेणारा, ज्याच्यापाशी मोकळी जोडी आहे. तिसऱ्या पायरीतल्या खुणा इथे जशाच्या तशा कामी येतात. टिंबांचा नायट्रोजन घेणारा. गोलातल्या नायट्रोजनवर हायड्रोजन असेल तर तो देणारा. अमिनो गट देणारा, ऑक्सिजन घेणारा. देणाऱ्यापासून बाहेर जाणारा बाण काढा, घेणाऱ्याकडे आत येणारा.

अ‍ॅडेनीनच्या जोडीच्या बाजूला मग असं दिसेल: ६ वरचा अमिनो गट देतो, १ चा नायट्रोजन घेतो. समोर थायमिन: ४ वरचा ऑक्सिजन घेतो, ३ चा नायट्रोजन देतो. दोन बंध जुळले. ग्वानीनमध्ये ६ वरचा ऑक्सिजन घेतो, १ चा नायट्रोजन देतो, २ वरचा अमिनो गट देतो. सायटोसीनमध्ये त्याच क्रमानं अमिनो गट देतो, ३ चा नायट्रोजन घेतो, २ वरचा ऑक्सिजन घेतो. तीन बंध जुळले. हे बाण एकदा स्वतः काढले की जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत, दुसरी कुठली जोडी इतकी नीट बसतच नाही.

पण हे बाण हायड्रोजन नेमका कुठे काढला आहे त्यावर अवलंबून आहेत. ग्वानीनचा तो हायड्रोजन नायट्रोजनवरून उचलून ऑक्सिजनवर ठेवला की देणारा घेणारा होतो आणि सगळं गणित उलटं पडतं. डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसन यांचंही आधी असंच झालं होतं. त्या वेळच्या पुस्तकांत हे रेणू चुकीच्या, हायड्रोजन ऑक्सिजनवर असलेल्या रूपात छापलेले असत. रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी ती चूक दाखवून दिली, आणि १९५३ मध्ये जोड्या जुळल्या. म्हणून ग्वानीन, थायमिन, युरॅसिल, सायटोसीन काढताना ऑक्सिजन नेहमी दुहेरी बंधानं काढा. हायड्रोजन नायट्रोजनवर.

सायटोसीनचा अमिनो गट पाण्यानं हळूहळू निघून जातो आणि तिथे ऑक्सिजन येतो, म्हणजे सायटोसीनचं युरॅसिल होतं. डीएनएत युरॅसिल हे नेहमीचं अक्षर असतं तर बिघडलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं हे दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमांना ओळखता आलं नसतं. थायमिनच्या ५ क्रमांकावरचा मिथिल गट ही ती ओळख आहे. इवलासा गट, पण मला तो डीएनएतला सर्वांत सुंदर तपशील वाटतो.

पायरी ६ : वलय आडवं धरून बघा

कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा. वलय आता एक रेघ दिसतं. सपाट वलयं एकावर एक रचली जातात. डीएनएत दोन थरांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर असतं, आणि दुहेरी गोफ टिकवण्यात या रचणीचा वाटा हायड्रोजन बंधांहून कमी नाही, अनेकदा जास्तच असतो.

ढगामुळे ही वलयं अतिनील प्रकाश शोषतात. डीएनए सर्वाधिक २६० नॅनोमीटरच्या आसपास, तर प्रथिनं २८० ला, ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या इंडोलमुळे. डीएनए तापवून गोफ उलगडला, थर सुटले, की २६० वरचं शोषण सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी वाढतं. रचणी मोडल्याची ही सरळ मोजता येणारी खूण.

इंडोलबद्दल इथेच दोन शब्द. त्याचा नायट्रोजन पायरोलसारखा, म्हणून प्रोटॉन घेत नाही, हायड्रोजन देऊ शकतो, आणि वलय इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतं. ट्रिप्टोफॅनपासून शरीर सेरोटोनिन आणि त्यापासून मेलाटोनिन बनवतं, वनस्पती वाढीचं संप्रेरक ऑक्सिन बनवतात.

पायरी ७ : भुकेलं वलय काय पळवतं?

अधिकच्या चिन्हाचा नायट्रोजन आता येतो. नायसिन (निकोटिनिक आम्ल) या जीवनसत्त्वापासून शरीर एनएडी हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू बनवतं. त्यात निकोटिनामाइडच्या पिरिडीनचा नायट्रोजन शर्करेला जोडलेला असल्यानं त्याच्यावर धन प्रभार असतो. मुळात भुकेलं वलय आता आणखी हावरं होतं आणि नायट्रोजनच्या बरोबर समोरच्या, ४ क्रमांकाच्या कार्बनवर दोन इलेक्ट्रॉनांसह एक हायड्रोजन घेतं. झालं एनएडीएच.

ढग मोजून बघा. तो हायड्रोजन घेतल्यावर ४ क्रमांकाचा कार्बन ढगातून बाहेर पडला, वलय अ‍ॅरोमॅटिक राहिलं नाही. संधी मिळताच एनएडीएच तो हायड्रोजन परत देतं, कारण देताच अ‍ॅरोमॅटिकता परत मिळते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीभर वाहून नेण्याचं काम या घेण्या-देण्यावर चालतं.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष दिसतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजण्याच्या पारदर्शक नळीत) ०.१ मिलिमोलर एनएडीएच असेल तर वाचन ०.६२२ येतं. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम आणि एनएडीएचकडून हायड्रोजन घेणारं पायरुव्हेट घातलं की आकडा उतरू लागतो: ०.६२, ०.५८, ०.५३. तो उतरणारा प्रत्येक अंक म्हणजे पुन्हा अ‍ॅरोमॅटिक होणाऱ्या असंख्य पिरिडीन वलयांची नोंद आहे. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे, आणि अजून त्या पडद्यावरून नजर हलत नाही.

नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो: त्वचा, पचन आणि मन, तिन्ही बिघडतात. तो संसर्गानं होत नाही, आहारातल्या उणिवेनं होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं, आणि ती उणीव निकोटिनिक आम्लाची आहे हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजम यांच्या कामातून कळलं.

ब६ जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप, पायरिडॉक्सल फॉस्फेट, हेही पिरिडीनच. अमिनो आम्ल त्याला चिकटतं, त्याचा एक बंध तुटतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन वलयाचा नायट्रोजन आपल्याकडे ओढून सांभाळतो. आयसोनियाझिड ब६ च्या कामात अडथळा आणतं, म्हणून क्षयरोगाच्या उपचारात अनेक रुग्णांना पायरिडॉक्सिनही देतात. कुणाला, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

पायरी ८ : धातू कोण धरून आहे?

टिंबांचा नायट्रोजन आपली जोडी धातूलाही देऊ शकतो. चार पायरोलसारखी वलयं कार्बनच्या दुव्यांनी गोल जोडली की पॉर्फिरिन होतं. चित्रात दोन नायट्रोजनांवर हायड्रोजन दिसेल, दोन मोकळे. ते दोन प्रोटॉन सुटले की चारही नायट्रोजन सारखे होतात आणि मधल्या पोकळीत धातू बसतो. हीममध्ये लोह. क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम, तिथलं वलय पॉर्फिरिनहून थोडं वेगळं. हिमोग्लोबिनमध्ये लोहाला खालून पाचवा आधार हिस्टिडीनचा असतो, आणि सहाव्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो.

फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध हीच सहावी जागा अडवतं. त्याच्या ट्रायॅझोल वलयातला मोकळा नायट्रोजन बुरशीच्या एका एन्झाइममधल्या हीमच्या लोहावर बसतो, आणि बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनणं थांबतं.

पायरी ९ : तोतया ओळखा

खऱ्या वलयासारखं दिसणारं, पण एका जागी वेगळं, अशी कितीतरी औषधं आहेत. गरट्रूड एलिअन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी हीच वाट धरली आणि १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अ‍ॅलोप्युरिनॉल हायपोझँथिन या शरीरातल्या प्युरीनशेजारी काढून बघा: पंचकोनातल्या ७ आणि ८ क्रमांकांच्या नायट्रोजन-कार्बनची फक्त अदलाबदल आहे. हायपोझँथिनपासून यूरिक आम्ल बनवणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याला आपलंच समजून घेतं आणि अडकून पडतं, यूरिक आम्ल कमी बनतं, गाउटचा त्रास आटोक्यात येतो. ५-फ्लुरोयुरॅसिलमध्ये ५ क्रमांकावर हायड्रोजनऐवजी फ्लोरिन आहे. एन्झाइमला थायमिन बनवण्यासाठी नेमका तिथलाच हायड्रोजन काढायचा असतो, फ्लोरिन काही निघत नाही, आणि वेगानं वाढणाऱ्या पेशींना थायमिन मिळत नाही.

आता सगळ्या पायऱ्या एकाच रेणूवर. कॅफीन घ्या: प्युरीनचा सांगाडा, २ आणि ६ वर ऑक्सिजन, १, ३ आणि ७ वर मिथिल. मोजणी: १, ३, ७ चे नायट्रोजन दोन-दोन, ९ चा एक, ४, ५, ८ चे कार्बन एकेक, २ आणि ६ चे शून्य. एकूण दहा, अ‍ॅरोमॅटिक. खुणा: तीन गोल, आणि टिंबं फक्त ९ वर. तोही शेजारच्या ओढाताणीमुळे इतका दुबळा की शरीराच्या सामूला प्रोटॉन घेत नाही, म्हणजे रेणूवर प्रभार नाही. बाण: एकाही नायट्रोजनवर हायड्रोजन नाही, देणारा कुणीच नाही, नुसते घेणारे. प्रभार नसलेला, हायड्रोजन न देणारा, लहानसा सपाट रेणू पेशींचं आवरण सहज ओलांडतो आणि मेंदूत पोहोचतो. तिथे अ‍ॅडेनोसीनच्या जागेवर तो बसतो, कारण सांगाडा तोच आहे, पण थकव्याचा निरोप काही पुढे देत नाही.

पुढचा रेणू तुम्ही करा: ब१ जीवनसत्त्व, थायमीन. डीएनएतल्या थायमिनशी त्याचं फक्त नाव जुळतं. त्यात एक पिरिमिडीन आहे, त्यावर एक अमिनो गट, आणि शेजारी गंधक असलेला एक पंचकोन. चार नायट्रोजन सापडतील. दोघांना टिंबं मिळतील, तिसरा बाहेर लटकणारा. चौथ्याचे बंध मोजा, अधिकचं चिन्ह करा, आणि मग त्याच्या व गंधकाच्या मधे सापडलेल्या कार्बनकडे नीट बघा. दोन्हीकडून खेचला जाणारा तो कार्बन आपला प्रोटॉन सोडून देतो आणि पायरुव्हेटवर हल्ला करतो. रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये दाखवलं ते हेच.